सरांची नात

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. तुमच्या तिथीला आईच्या सवयीनं पान वाढते, हात धुते आणि ऑफिसला निघते. आज लिहायला बसलेय ती आठवण आली म्हणून नाही, राग आलाय म्हणून. तसा तो जुनाच आहे. मधल्या काळात कुठेतरी अडगळीत पडला होता, पण या वर्षी मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात कोणीतरी तुमचं नाव फार प्रेमानं घेतलं आणि तो परत अंगावर आला. रविवारची दुपार आहे, घरात मी एकटी आहे आणि मध्ये बोलायला तुम्ही नाही. तेव्हा ऐका.

तुम्हाला एक नात आहे. तिला तुम्ही पाहिलं नाही, कारण तिच्या आईलाच पाहायचं तुम्ही नाकारलं होतं. तुमच्या मुलानं मनोरीच्या ख्रिश्चन घरातली मुलगी केली, तेव्हा 'त्या घराची पायरी मी चढणार नाही' असं तुम्ही आईला सांगितलंत, आणि नाहीच चढलात. शब्दाचे पक्के म्हणून पार्ल्यात तुमची ख्याती होतीच. तुमचा मुलगा मनोरीतच राहिला. समुद्राकाठी कोणा शेठचा बंगला आहे, त्याची देखभाल करतो, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना जेट्टीवरून आणतो-सोडतो, आणि भावजय त्यांच्यासाठी स्वयंपाक करते. मुलगी त्यांना उशिरा झाली. बोलण्यात एकदम तयार, बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांच्या नकला अशा करते की पोट धरून हसावं. पण पुस्तक समोर ठेवलं की गप्प. चौथी संपली तरी एक ओळ सलग वाचता येत नव्हती. गावच्या शाळेतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी भावाला सांगितलं, हिला काहीतरी वेगळं शिकवणं हवंय, ते आमच्याकडे होणार नाही, मुलुंडला तुमची बहीण आहे ना, तिकडे मोठ्या शाळा आहेत, तिकडे पाठवा. म्हणून ती माझ्याकडे आली. मार्व्याला होडीतून उतरली, तिथून बस बदलत बदलत बापाबरोबर माझ्या दारात उभी राहिली. भावानं बॅग आत ठेवली, चहा घेतला आणि लगेच निघाला. डोळ्यांत पाणी येईल म्हणून घाई करत होता, आणि आलंच.

मी तिला पहिल्या आठवड्यात विचारलं, "वाचताना अक्षरं हलतात का गं तुला?" कुठेतरी तसं वाचलं होतं. ती वैतागली. म्हणाली, "सगळे हेच विचारतात आत्या. हलत नाहीत. मी त्यांना रोज भेटते, पण ती मला ओळखतच नाहीत. उद्या परत पहिल्यापासून." हे तिनं सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवावी लागली, कारण पार्ल्याच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर एकदम समोर आलं.

आठवतंय का तुम्हाला ते? आई तव्यासमोर बसलीय, मी जेवतेय, माझं वाचून झालंय. तो पाटावर बसलाय, मांडीवर वर्तमानपत्र, आणि तुम्ही दारात हात मागे बांधून उभे आहात. वाचल्याशिवाय ताट नाही, हा तुमचा नियम. तो मथळ्यातलं पहिलं अक्षर लावतो, दुसरं लावतो, तिसऱ्याशी पोचेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत, उलट हसायचात. 'मराठीच्या मास्तरचा मुलगा,' असं हळूच म्हणायचात आणि म्हणायचात, 'पुन्हा.' आईच्या हातातली पोळी वाफ सोडत सोडत गार होते, ती तिला ना वाढता येते ना डब्यात ठेवता येते. शेवटी तुम्ही कंटाळून निघून जायचात आणि जाता जाता म्हणायचात, 'आळशी आहे. डोकं आहे, वापरायचं नाही.' मग आई त्याला वाढायची. तो जेवायचा नाही. आळशी! अण्णा, तो मुलगा आपल्या घरातला सगळ्यात जास्त मेहनत करणारा माणूस होता. तुमच्या एका मथळ्यासाठी त्याला जेवढे कष्ट पडायचे तेवढे मला वार्षिक परीक्षेलाही पडले नाहीत.

तुमच्या नातीला मी मुलुंडच्या मराठी शाळेत पाचवीत घातलं, आणि दिवाळीच्या आतच वर्गशिक्षिकेनं मला बोलावून तोच शब्द ऐकवला. "आळशी आहे हो. तोंडानं सगळं येतं, लिहायचं म्हटलं की पाणी प्यायला जायचं असतं." मी सांगितलं, हिला एलडी, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली उपजत अडचण, असावी, तपासणी करायचीय, शाळेनं तसं पत्र द्यावं आणि तोवर स्पेशल टीचरची सोय करावी. त्यांनी मला मुख्याध्यापिकांकडे पाठवलं. या बाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, कडक इस्त्रीची साडी, टेबलावर एक कागद वाकडा नाही. मला बसा म्हणाल्या नाहीत.

"स्पेशल एज्युकेटरची पोस्ट आहे, माणूस नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिच्या कोण?"

"आत्या."

"आईवडील?"

"मनोरीला असतात."

"मग मुलीला तिकडेच ठेवायचं ना. तिकडच्या वॉर्डानं बघितलं असतं. आईबाप एकीकडे, मूल एकीकडे, आणि सोय आम्ही करायची. आत्याच्या अर्जावर मी काही करू शकत नाही."

मी जन्मभर विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काम केलंय. माणसाला हक्काचं काही द्यायचं नसलं की कुठली भाषा बोलायची, हे मला कोणी शिकवायला नको. मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, शिक्षण विभागात गेले. तिथले साहेब म्हणाले, मनोरी मालाडच्या वॉर्डात येतं, मुलीचं मूळ नाव तिकडच्या शाळेत, त्यांनी आमच्याकडे लिहून पाठवायला पाहिजे. मालाडच्या ऑफिसात गेले, तर तिथली बाई डबा खाता खाता म्हणाली, "मॅडम, मुलगी राहते कुठे? मुलुंडला ना? मग मुलुंडवाल्यांना सांगा ना." मी विचारलं, मूल दोन घरांच्या मध्ये असलं की ते कोणाचंच नसतं का? ती म्हणाली, "माझ्यावर कशाला चिडताय?" बरोबर होतं तिचं. चिडायचं कोणावर, हेच मला त्या वेळी नीट कळत नव्हतं. मी कायद्यातली कलमं घालून अर्ज केला. मूल जिथे राहतं आणि शिकतं तिथल्या शाळेनं सोय करायची, असं स्वच्छ लिहिलं. उत्तर आलं की वडिलांनी समक्ष यावं आणि शाळेत मुख्याध्यापकांसमोर सही करावी. म्हणजे तुमच्या मुलानं शाळेत यायला हवं होतं.

तो येईना. तो मला लिहून कधीच काही पाठवत नाही, बोलून पाठवतो. आता रोज मोबाइलवर त्याचे रेकॉर्ड केलेले निरोप यायला लागले. ताई, पाहुणे आहेत. ताई, मोटार बिघडलीय, पाणी चढत नाहीये. ताई, होडी बंद आहे. शेवटी एका सुट्टीला मीच होडीत बसून गेले. तो बंगल्याच्या मागे नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. मला बघून त्यानं नळी खाली टाकली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, शाळेत नको गं. दुसरं कुठेही सांग. पोलीस स्टेशनला म्हणशील तर आत्ता येतो."

"अरे, एक सही करायचीय. तुला सही येते."

"सही येते. आत जाता येत नाही. पोरीला पहिलीत घातलं तेव्हाही मी फाटकाबाहेर उभा होतो, हिनं नाव घातलं. खडूचा वास आला ना, की माझे हात गार पडतात. हसू नको."

मी हसत नव्हते. मग त्यानं खरं कारण सांगितलं. मुलीला माहीत नव्हतं. आपल्या बापाला वाचता येत नाही, हे तिला एवढ्या वर्षांत कळलेलं नव्हतं. ती काही वाचून दाखव म्हणाली की हा म्हणायचा, चष्मा बंगल्यावर राहिला. भावजयही त्याला साथ द्यायची. पन्नाशीचा माणूस, अण्णा, न घेतलेल्या चष्म्याच्या मागे लपून बसला होता. "तिथे काही वाच म्हणाले, आणि ती समोर असली, तर?" असं त्यानं मला विचारलं. मी एवढंच म्हटलं, की तू आला नाहीस तर तिच्याही वाट्याला पुढे काहीतरी लपवणंच येणार आहे. नळीतून पाणी वाहत होतं, सगळा चिखल झाला. मग म्हणाला, "कधी यायचं सांग."

तो आला. पाहुण्यांना आणायला जाताना घालतो तो पांढरा शर्ट घालून आला. शाळेच्या फाटकाशी थांबला, रुमालानं तळवे पुसले आणि आत शिरला. मुख्याध्यापिकांनी मुलीलाही बोलावून घेतलं, ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. बाईंनी भावाचं आधार कार्ड मागितलं, त्यावरचं पूर्ण नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"तुम्ही पार्ल्याचे? सर तुमचे कोण?"

"वडील," मी म्हणाले.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का! बसा ना, बसा. मी सरांची विद्यार्थिनी. आज इथे बसलेय ती त्यांच्यामुळे." त्यांनी शिपायाला चहा सांगितला. तुमचं वाचन, तुमचे उच्चार, तुमचं धोतर, सगळं सगळं त्यांना आठवत होतं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू सरांची नात होऊन वाचत नाहीस? तुला सांगते, सर काय होते. आम्ही तिसरीत होतो. सातवीतला एक मुलगा होता, वाचायचाच नाही. दुसरा मास्तर असता तर सोडून दिलं असतं. सर त्याला हाताला धरून आमच्या वर्गात घेऊन यायचे, आमच्या बाकावर बसवायचे, गुडघे हे असे वर यायचे त्याचे. तो अडला की आम्ही लहान मुलं एका सुरात त्याला शब्द सांगायचो. अख्खं वर्षभर. एवढी तळमळ होती त्यांना. सुधारला असेल तो नंतर."

"नाही सुधारला," भाऊ म्हणाला.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"मीच तो."

बाई हसल्या. त्यांना वाटलं असेल गंमत करतोय. मग त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "पण... सर कधी बोलले नाहीत. तो त्यांचा मुलगा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं."

"शाळेत सर म्हणायचं, असं सांगितलं होतं मला."

"मी पहिल्या बाकावर असायचे. आठवते का मी?"

"नाही," तो म्हणाला. "मी मान वर करत नव्हतो."

हे मला माहीत नव्हतं, अण्णा. आईलाही नव्हतं, नाहीतर ती ते मनात घेऊन गेली नसती, एकदा तरी बोलली असती. मी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात जायला लागले होते. तो संध्याकाळी घरी यायचा, दप्तर टाकायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा, एवढंच मला दिसायचं. घरात जे करत होतात ते मी पाहिलं होतं आणि तेवढ्याचाच हिशेब मनाशी धरून बसले होते. शाळेतलं मला त्या दिवशी कळलं, आणि तेही कौतुकाची गोष्ट म्हणून, चहाबरोबर. तुम्ही गेल्यावर शोकसभेत तुमच्या विद्यार्थ्यांनी हॉल भरला होता. बाहेरपर्यंत माणसं उभी होती. तेव्हा वाटलं होतं, घरात जसा असेल तसा असो, बाहेर हा माणूस कोणाला तरी उपयोगी पडला. आता तेवढंही वाटत नाही. एकदा तरी त्या वर्गाला सांगायचंत, की हा माझा मुलगा आहे. मारलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही त्याला नाकारलंत, आणि लोक त्या नाकारण्याला तळमळ म्हणतात.

बाई पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "त्या वेळी असंच शिकवायचे हो. सर कडक होते, पण वाईट नव्हते."

"वाईट होते असं मी कुठे म्हटलं," भाऊ म्हणाला. "मला वाचता येत नाही, एवढंच म्हटलं. अजून येत नाही. हिलाही येत नाहीये. हिला कोणाच्या वर्गात नेऊन बसवू नका. जी शिकवणारी बाई मिळते म्हणतात, ती द्या. सही कुठे करायची ते बोटानं दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. त्यानं सही केली. मुलगी सगळा वेळ बापाकडे बघत होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, मग चष्मा?"

"नाहीच मला चष्मा."

"म्हणजे तुला पण ती ओळखत नाहीत?"

"नाही गं. बघून न बघितल्यासारखं करतात."

ती हसली. खदखदून, तोंडावर हात न ठेवता हसली, आणि तो आधी घाबरला आणि मग तोही हसायला लागला. शाळेच्या व्हरांड्यात माझा भाऊ हसतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एक शिक्षक डोकावून म्हणाले, "शांतता राखा." आम्ही नाही राखली.

पुढचं लवकर घडलं असं नाही. वॉर्डातून एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा येते. ती वाळूत अक्षरं गिरवायला लावते, टाळ्या वाजवत शब्द तोडते, आणि चुकलं की 'पुन्हा' म्हणत नाही, 'थांब, दुसरीकडून जाऊ' म्हणते. इस्पितळातली तपासणी झाली, सर्टिफिकेट मिळालं, परीक्षेत तिला जास्त वेळ आणि पुढे लागला तर उत्तरं लिहून द्यायला रायटर मिळेल. वर्गशिक्षिका अजून कुरकुरते. मुलगी अजून अडखळते, पण आता अडखळली की पाणी प्यायला जात नाही. दर शनिवारी मनोरीला जाते आणि तिकडे बापाला वाळूत अक्षरं काढून दाखवते, वाळूला तिथे तोटा नाही. त्याला काही येईल असं मला वाटत नाही. त्यालाही वाटत नाही. दोघं नुसती बसतात.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ तपासून मला परत केलं असतंत. तुम्हाला माफ करायला मी बसले नव्हते आणि केलेलंही नाही. भाऊ काय करतो ते त्याचं तो बघेल, तुमचा विषय निघाला की तो हवापाण्यावर बोलतो.

एकच सांगायचं राहिलं. इस्पितळात तपासणीची तारीख फार लांबची देत होते, शाळेचं वर्ष गेलं असतं. मुख्याध्यापिका बाईंची तिथे ओळख होती. त्यांनी आपणहून मला फोन केला. म्हणाल्या, सरांच्या नातीसाठी मी एवढं नक्की करीन, सरांना बरं वाटलं असतं ना? तुमचं नाव त्यात नको, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "हो, खूप बरं वाटलं असतं त्यांना. फार जीव होता त्यांचा मुलांवर." पुढच्याच आठवड्यातली तारीख मिळाली. भावाला मी हे सांगितलेलं नाही. आणि पुन्हा गरज पडली, अण्णा, तर मी पुन्हा तेच म्हणेन.